जुना खडक वर, नवा खाली

प्रश्न : खालचा थर जुना आणि वरचा नवा असे आपण शिकतो. मग आल्प्समध्ये जुने खडक नव्या खडकांच्या वर कसे आढळतात?

उत्तर : हा नियम थर साचतानाचा आहे, पुढे भूकवच दाबले गेले की तो क्रम मोडू शकतो. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचे खडक 3.5 ते 5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांवर बसलेले असून, दोहोंमधली सीमा उंच कड्यांवर रेघ ओढल्यासारखी लांबूनही दिसते. स्विस भूवैज्ञानिक आर्नोल्ड एशर यांनी याचा अर्थ समोरासमोरच्या दोन प्रचंड घड्या, म्हणजे दाबाने दुमडलेले थर, असा लावला होता. 1884 मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बेर्त्राँ यांनी मात्र एकच विशाल खडकराशी सरकत वर चढली असावी, असे मांडले आणि पुढे तेच मान्य झाले. घटनांचा क्रम लावण्याची रीत सोपी आहे, निदान कागदावर तरी : घडीला कापणारा भ्रंश (ज्या भेगेवर खडक सरकतात ती) घडीनंतरचा, आणि भ्रंशाची पातळीच वाकली असेल तर ते वाकणे भ्रंशानंतरचे. ग्लारुसची सरकपातळी, म्हणजे खडकराशी जिच्यावरून सरकली ती भ्रंशाची पातळी, आज कमानीसारखी वाकलेली आहे, म्हणजे हे वाकणे सरकण्यानंतरचे. एखादा थर उलटला आहे का, हे वाळूखडकातील लाटांच्या खुणांवरून कळते. त्यांची टोकदार शिखरे मूळच्या वरच्या बाजूकडे असतात.