सुपरवायझरांकडून फॉर्म भरून घेतले, सगळ्यांनी 'कम्युनिकेशन स्किल' लिहिलं. ट्रेनिंगची खरी गरज कशी ओळखायची, आणि ट्रेनिंग लागू पडलं हे कसं दाखवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: साताऱ्याच्या एमआयडीसीत साठेक माणसांची कंपनी, एचआर नुकतंच तुमच्याकडे आलंय आणि मालकांना पुढच्या वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर हवंय. फॉर्म वाटले तर 'कम्युनिकेशन स्किल', 'टीमवर्क', '५-एस' (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत) एवढंच परत आलं. वर मालक विचारतायत, गेल्या वर्षी एवढे पैसे घातले, त्याचं झालं काय?

मी सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात बावीस वर्षं मशिन शॉपमध्ये काढली. आधी क्वालिटीत होतो, नंतर ट्रेनिंग गळ्यात पडलं. 'गळ्यात पडलं' असंच म्हणतो, कारण हे काम आपणहून कुणी मागून घेत नाही.

आधी फॉर्मचं. 'तुमच्या माणसांना कोणतं ट्रेनिंग हवंय' असं विचारलं की सुपरवायझर कोर्सचं नाव लिहितो, आणि त्याला आठवतात ती गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरचीच नावं. त्यात त्याची काही चूक नाही. त्याला दुसरंच काहीतरी विचारा. गेल्या तीन महिन्यांत कोणतं काम दोनदा करावं लागलं? कोण रजेवर गेला की तुमची शिफ्ट लंगडी होते? कस्टमरचा फोन कोणत्या पार्टवरून आला होता? याची उत्तरं त्याला तोंडपाठ असतात. फक्त ती कागदावर उतरत नाहीत, चहाच्या गाड्यावर निघतात.

आता एक घडलेली गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथेच मिळाली.

कुपवाडच्या एका शॉपमध्ये (नाव राहू द्या) बेअरिंग हाउसिंगचा एक पार्ट चालायचा. बिडाचं कास्टिंग, त्यातलं गोल भोक म्हणजे बोअर, माप ८० एच७ (८० मिमी व्यास, एच७ ही मुभेची खूण). म्हणजे ८०.००० च्या खाली जायचं नाही आणि ८०.०३० च्या वर जायचं नाही, सगळी मुभा तीस मायक्रॉनची (०.०३ मिमी). रिजेक्शन वाढलं. मीटिंग झाली, मिनिट्समध्ये लिहिलं गेलं: 'ऑपरेटर्सना मेजरिंग इन्स्ट्रुमेंटचे ट्रेनिंग आवश्यक.' पुण्याहून एक ट्रेनर आले. माणूस चांगला होता, विषयाची जाण होती. शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये सहा तास स्लाइड्स, मधे जेवण. फीडबॅक फॉर्मवर झाडून सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं. त्यातलं निम्मं 'उत्तम' जेवणाला असणार. पुढच्या महिन्यात रिजेक्शन होतं तिथेच.

मग मला सांगितलं, बघ जरा. मी रजिस्टर उघडलं तर त्यात एकच शब्द: 'बोअर आउट'. मोठा झाला की लहान राहिला, कोणत्या शिफ्टला, काही नाही. पंधरा दिवस मी फक्त दोन रकाने वाढवले, शिफ्ट आणि प्लस की मायनस. बाकी काही केलं नाही. पंधरा दिवसांनी ढीग आपोआप दोन भागांत पडला. दुसऱ्या शिफ्टचे पीस बहुतेक मोठे, म्हणजे सरळ भंगार. पहिल्या शिफ्टचे लहान, म्हणजे रीवर्क (पुन्हा मशिनवर घेऊन दुरुस्ती). मीटिंगमध्ये आम्ही ज्याला एक दुखणं समजत होतो ती दोन वेगळी दुखणी होती.

दुसऱ्या शिफ्टला रात्री नऊ वाजता जाऊन उभा राहिलो. ऑपरेटर बोअर मोजत होता व्हर्नियरने. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या, म्हणजे त्याहून बारीक वाचताच न येणाऱ्या व्हर्नियरने ०.०३ ची मुभा! शिवाय व्हर्नियरचे आतले जबडे नेमके व्यासावर बसले नाहीत की माप लहान दिसतं. बोअर लहान आहे असं वाटून पोरगा अजून एक हलका कट मारायचा, आणि पीस गेला. बोअर मोजायचं खरं हत्यार म्हणजे बोअर गेज. मी विचारलं, अरे बोअर गेज कुठाय?

"सायेब, गेज हाय की कपाटात. किल्ली इन्स्पेक्टर सायब घेऊन जात्यात साडेपाचला."

सहा तासांचं ट्रेनिंग घेतलेला पोरगा तो. गेज कसं वापरायचं हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. गेजच कुलपात होतं. दुसरी किल्ली करून शिफ्ट सुपरवायझरकडे दिली, दुसऱ्या शिफ्टचं भंगार महिन्याभरात जवळजवळ थांबलं.

म्हणून कुठल्याही तथाकथित ट्रेनिंग नीडला मी आधी एकच कसोटी लावतो. समजा त्या माणसाच्या जिवावर बेतलं, तर तो हे काम बरोबर करू शकेल का? (कसोटी माझी नव्हे. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप हे दोन अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ १९७० च्या सुमारास ती मांडून गेलेत.) करू शकत असेल तर त्याला ट्रेनिंग नको, दुसरं काहीतरी नडतंय ते शोधा. हत्यार नाही, ड्रॉइंग जुनं आहे, टार्गेट असं आहे की मोजत बसलं तर इन्सेंटिव्ह जातो, किंवा बरोबर करणाऱ्याला शेवटी जास्तीचं काम मिळतं. माझ्या अनुभवात मीटिंगमधून आलेल्या 'ट्रेनिंग नीड'मधल्या निम्म्याहून जास्त अशाच निघाल्या.

आता पहिली शिफ्ट. तिथे गेज हातात होतं, तरी बोअर लहान. बघितलं तर दोन गोष्टी दिसल्या. डायल बोअर गेज आत घातलं की ते पुढे-मागे झुलवायचं असतं, आणि सुई जिथून उलटी फिरते ते खरं माप. गेज तिरकं राहिलं तर माप मोठं दिसतं. यातले बरेचजण गेज घालून सुई थांबली तिथे वाचत होते. दुसरी गोष्ट, पीस मशिनवरून काढल्या काढल्या, हाताला चटका बसेल असा असताना मोजत होते. बिडाचा ८० मिमीचा बोअर गेजपेक्षा वीस अंशांनी गरम असला तर साधारण सतरा मायक्रॉनने मोठा दिसतो. तीस मायक्रॉनच्या मुभेत सतरा! गार झाल्यावर बोअर आवळला की बेअरिंग बसत नाही. या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊकच नव्हत्या. ही ट्रेनिंगची खरी गरज.

यावेळी हॉल नाही, हॉटेल नाही. मशिनजवळ, एकावेळी दोघेजण, वीस मिनिटं. पद्धत जुनीच, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या माणसांना भराभर तयार करायला वापरलेली, पुढे जपानने उचललेली. आधी माणसाला मोकळं करायचं आणि त्याला किती येतं ते विचारायचं. मग करून दाखवायचं, प्रत्येक पायरीला 'असंच का' ते सांगत. मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करता करता त्यालाच बोलायला लावायचं. मग त्याला एकटं सोडून मधूनमधून बघत राहायचं. तिसऱ्या पायरीत खरी गंमत आहे. हात बरोबर चालतो पण 'का' सांगताना माणूस अडखळतो, तिथे समजायचं की त्याने नुसती नक्कल केलीय.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ट्रेनिंगच्या आधी मी रिजेक्ट झालेल्यांतले आणि चांगल्यातले मिळून पाच पीस निवडले, स्टँडर्ड रूममध्ये (तापमान कायम राखलेली मोजमापाची खोली) गार करून नीट मोजून घेतले आणि त्यांवर रंगाने नंबर टाकले. खरी मापं माझ्या डायरीत. नऊ ऑपरेटर्सनी तेच पाच पीस मोजून चिठ्ठीवर लिहायचं. पाच मायक्रॉनच्या आत आलं तर बरोबर. पहिल्या दिवशी पाचही बरोबर सांगणारे तिघे. वीस मिनिटांच्या शिकवणीनंतर आठ.

नववे आमचे तात्या, शॉपमधले सगळ्यांत जुने. गेज त्यांच्या हातात असं झुलायचं की बाकीच्यांना मी त्यांच्याकडेच बघा म्हणायचो. तरी आकडा चुकायचा. दोनदा शिकवून झाल्यावर लक्षात आलं, त्यांना डायलच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या आणि पोरांसमोर ते सांगायची लाज वाटत होती. तिथे ट्रेनिंग काय करणार! मिरजेला जाऊन चष्मा केला, झालं.

सहा आठवड्यांनी तेच पीस, नंबर बदलून, परत दिले. दोघे घसरले. चौकशी केली तर त्या दोघांना मधल्या काळात ड्रिलिंगवर टाकलं होतं, गेज हातातच आलं नव्हतं. शिकवल्यावर लगेच वापरायला मिळालं नाही की ते जातं. त्यामुळे आता मी ट्रेनिंगची तारीख काम सुरू होण्याच्या तारखेवरून ठरवतो, ट्रेनरच्या सोयीवरून नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकला का, कामात वापरतो का, कंपनीला फरक पडला का. आपल्याकडे पहिल्या पायरीवरच फाइल बंद होते. ऑडिटला काय दाखवायचं ही भीती त्यामागे असते. पण आयएसओ ९००१:२०१५ चं (ऑडिट ज्यावरून होतं ते गुणवत्तेचं मानक) कलम ७.२ नीट वाचा. त्यात फीडबॅक फॉर्म कुठेच मागितलेला नाही. कामाला लागणारी क्षमता ठरवा, कमी असेल तर काहीतरी करा, केलेल्याचा परिणाम तपासा आणि नोंद ठेवा, एवढंच आहे. ते 'काहीतरी' म्हणजे ट्रेनिंगच असं नाही, माणसाला दुसऱ्या कामावर देणंही त्यात बसतं. आमच्या ऑडिटरला मी त्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

चौथ्या पायरीवर मात्र जपून. आमच्याकडे त्याच सुमाराला बोरिंगची इन्सर्टही (बोअर कापणारी बदलती टीप) बदलली होती. रीवर्क कमी झालं ते शिकवण्याने की इन्सर्टने? म्हणून शक्य असेल तर सगळ्यांना एकदम शिकवू नका. एक शिफ्ट आधी, दुसरी तीन-चार आठवड्यांनी. इन्सर्ट दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे मधल्या काळातला दोन शिफ्टमधला फरक बराचसा तुमचा. मालकांना सांगताना रुपयांत सांगा (कास्टिंग अधिक मशिनिंग, वजा भंगाराचे आलेले पैसे), पण किल्लीचं श्रेय ट्रेनिंगच्या खात्यात टाकू नका. मी टाकलं नाही, मालक हसले, पुढच्या वेळी पैसे मात्र न कुरकुरता दिले.

आगीचं आणि प्रथमोपचाराचं ट्रेनिंग या सगळ्या कसोटीत बसवू नका. तिथे गरज सिद्ध व्हायची वाट बघायची नसते. फक्त तेही हाताने करून घ्या. फायर एक्स्टिंग्विशर रिफिलला जायची तारीख आली की आदल्या दिवशी अंगणात पत्र्याच्या डब्यात थोडी आग करून, ज्यांनी आयुष्यात कधी पिन ओढली नाही त्यांना ओढायला लावा. नाहीतरी तो रिकामाच होणार असतो.

स्किल मॅट्रिक्स असेलच तुमच्याकडे, कुणाला कोणतं मशिन किती येतं याचं, ते चार भागांचे गोल असलेलं. बहुतेक ठिकाणी ते ऑडिटच्या आदल्या रात्री काळं केलं जातं. तुम्ही ते रजेच्या रजिस्टरशेजारी ठेवून बघा. आमच्याकडे तासगाव बाजूचे ऑपरेटर ऑक्टोबरला द्राक्षाच्या छाटणीसाठी हमखास गायब. पहिली दोन वर्षं आम्ही दर ऑक्टोबरला बोंब मारली, तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्येच त्यांच्या मशिनवर दुसरी माणसं शिकवून ठेवली. तुमच्याकडे वाई तालुक्यातली पोरं असतील तर रंगपंचमीला बावधनच्या बगाडाला कोण थांबवणार त्यांना? गावोगावच्या यात्रा आहेतच. कोणत्या मशिनवर पूर्ण काळा गोल एकाच माणसाचा आहे आणि तो कधी जाणार आहे, हे जुळवलं की कॅलेंडरचा निम्मा भाग तयार.

उरलेल्या निम्म्यासाठी, ज्यांनी 'कम्युनिकेशन स्किल' लिहिलंय त्यांच्यातल्या एकाला गाठा आणि विचारा, शेवटचं कधी आणि काय बिघडलं होतं? माझा अंदाज, उत्तर असं येईल: आधीच्या शिफ्टवाल्याने टूल ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) बदलला आणि पुढच्याला सांगितलंच नाही. तसं असेल तर पुण्याच्या ट्रेनरला बोलवू नका. त्या मशिनला एक वही दोरीने बांधा, शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोघांनी मशिनसमोर उभं राहायचं ठरवून द्या आणि महिनाभर रोज वही उघडून बघा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात वहीत नुसत्या सह्याच होत्या. मग मी 'काय बदललं' असा एक रकाना आखून दिला.