‘रूट करणे’: मूळ की मार्ग?

ठाण्याहून विचारणा आली आहे: स्टेशनजवळच्या मोबाईलच्या गाळ्यावर ‘फोन रुट करून मिळेल’ अशी पाटी आहे. हा रूट टीएमटी बसचा, म्हणजे मार्गाचा, की मुळाचा? आणि त्याऐवजी ‘लॉक तोडणे’ म्हटलं तर?

मुळाचाच. इंग्रजीत root म्हणजे मूळ आणि route म्हणजे मार्ग, पण देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून घोटाळा. युनिक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीमध्ये फायलींची मांडणी उलट्या झाडासारखी असते, मूळ वर आणि फांद्या खाली. त्या मुळापासून खालचं काहीही बदलू शकणारं खातं म्हणजे रूट. त्याचा क्रमांक 0. अँड्रॉइड लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्याच धर्तीच्या प्रणालीवर, चालतं, त्यामुळे हे खातं आपल्या फोनमध्येही असतं, फक्त आपल्या हाती देत नाहीत. ते हाती घेणं म्हणजे फोन रूट करणे. वाशी-नेरुळकडे फ्लॅट आपला पण जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, तशातली गत.

‘लॉक तोडणे’ मात्र नको. गाळ्यात त्याचा अर्थ विसरलेला पॅटर्न काढणे. बूटलोडर (फोन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम) अनलॉक करणे हेही वेगळं, ती रूटच्या आधीची पायरी. सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या क्रमांकावर) 7 वेळा टिचकी मारायची, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, मग कॉम्प्युटरला जोडून फास्टबूट या साधनातून अनलॉकची आज्ञा द्यायची. काही कंपन्या हे करूच देत नाहीत. जिथे होतं तिथे फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा फोटो आधी काढून ठेवा. रूट त्यानंतर: फोनमध्ये असलेल्या नेमक्या त्याच बिल्डची बूट इमेज (फोन सुरू करणारी फाईल) मॅजिस्क या ॲपने पॅच करून, म्हणजे तिच्यात बदल करून, ‘मारायची’. बिल्ड चुकली तर फोन लोगोवरच घुटमळतो. मूळ इमेज पुन्हा मारली की बहुधा सुटतो. (‘मारणे’ म्हणजे फाईल फोनमध्ये चढवणे. ‘फ्लॅश करणे’ लिहिण्यापुरतं. गाळ्यात सॉफ्टवेअर मारतात.)

मराठी प्रतिशब्द? ‘मूळ करणे’ला अर्थ नाही. ‘सर्वाधिकार’ म्हटलं की पुढे ‘सुरक्षित’ ऐकू येतं. मला ‘कुलमुखत्यारी’ जवळचा वाटतो. एखादं ॲप रूट मागतं तेव्हा मॅजिस्क परवानगीची चौकट दाखवतं. तिथे होकार देणं म्हणजे कुलमुखत्यारपत्रावर सही. बँकांची ॲप्स अशा फोनला बिचकतात आणि पुष्कळदा उघडतच नाहीत. तरी क्रियापद म्हणून ‘रूट करणे’च ठेवावं, आणि ‘रूटेड’ऐवजी ‘रूट केलेला फोन’. आयफोनसाठी शब्द वेगळा, जेलब्रेक.

राहता राहिली पाटी. तिथला ‘रुट’ ऱ्हस्व आहे. तो दीर्घ हवा, आणि विभक्ती लागली तरी दीर्घच. मूळचं ‘मुळाला’ होतं, रूटचं ‘रूटला’.