अमेरिकेतल्या वाळवंटात रोड ट्रिप, फोटो आणि राजकारण: सध्या जावं का?

तुम्ही विचारलंय की मार्चच्या शेवटी दहा दिवस हातात आहेत, कॅमेरा घेऊन अमेरिकेतल्या वाळवंटात गाडीने फिरायचंय, पण बातम्यांतलं राजकारण बघून घरचे नको म्हणतायत, तर जावं का आणि कुठे जावं.

नक्की या. आणि राजकारण टाळायला बघू नका, कारण तुम्ही ज्या कातळांचे फोटो काढणार त्यांच्याखालची जमीन कुणाची, यावरच तिकडचं निम्मं राजकारण चालतं. मी चौदा वर्षं फिनिक्सला राहतोय, दर वर्षी एकदा तरी बायको आणि मी उत्तरेकडे गाडी काढतो, त्यामुळे सांगतोय ते फिरून बघितलेलं सांगतोय.

रस्ता असा धरा: फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ, तिथून ८९ नंबरचा हायवे, मग १६० ने कायेंटा आणि कायेंटाहून १६३ ने मॉन्युमेंट व्हॅली. थांबत थांबत सहा-सात तास लागतात. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरायचीच, माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत हवंच, आणि शाकाहारी असाल तर दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवा, फ्लॅगस्टाफ सोडलं की खायचे हाल होतात.

मॉन्युमेंट व्हॅली हे नॅशनल पार्क नाही हे आधी लक्षात घ्या. १९५८ पासून ते नवाहो नेशनचं, म्हणजे नवाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वतःचं सरकार असलेल्या मुलखाचं, ट्रायबल पार्क आहे, फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या पार्कांचा पास तिथे चालत नाही, ड्रोन उडवायचा नाही, कुणाचाही फोटो न विचारता काढायचा नाही. वेळेचंही एक आहे, अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही पण नवाहो नेशन करतं, म्हणजे तुम्ही याल तेव्हा तिथे फिनिक्सपेक्षा एक तास पुढची वेळ असेल, मोबाइल कधी या टॉवरची वेळ धरतो कधी त्या टॉवरची, आमचा एक अख्खा सूर्योदय असा हातचा गेला, म्हणून मनगटावर साधं घड्याळ लावा. आणि तुमचं नशीब चांगलं आहे, कारण वर्षातून दोनदाच, मार्चअखेर आणि सप्टेंबरच्या मध्याला, सूर्य मावळताना वेस्ट मिटन नावाच्या सुळक्याची सावली बरोबर शेजारच्या ईस्ट मिटनच्या अंगावर चढते. ७०-२०० ची लेन्स लावून ट्रायपॉडवर तासभर आधी जागा धरा, शेवटची दहा मिनिटं सावली इतकी भराभर वर सरकते की लेन्स बदलायला वेळ मिळत नाही.

तिथून जवळच रस्त्याकडेला एक आजी चांदीचे नि फिरोजाचे दागिने विकत बसतात, आम्ही दर खेपेला त्यांच्याकडे थांबतो. त्यांच्या पिकअपच्या मागे प्लॅस्टिकची मोठी टाकी असते. पहिल्यांदा मी विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या घरचं पाणी, आठवड्यातून दोनदा जाऊन भरून आणते. नवाहो नेशनमधल्या जवळपास एक तृतीयांश घरांत अजून नळ नाही. त्यांनी ते इतकं साधेपणाने सांगितलं की मला काय बोलावं सुचेना, कारण फिनिक्सच्या नळाला येणाऱ्या पाण्यात कोलोरॅडो नदीचं पाणी असतं, शेकडो मैल कालव्याने चढावर पंप करून आणलेलं, आणि २०१९ पर्यंत त्या पंपांना वीज मिळायची ती पेज गावाजवळच्या, म्हणजे नवाहोंच्याच जमिनीवरच्या, कोळशाच्या प्लँटमधून. म्हणजे वीज यांच्या जमिनीवरून, पाणी आम्हाला, आणि हजारो नवाहो घरांत दिवासुद्धा नाही. २०२३ मध्ये हे पाण्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल आला की नवाहोंशी झालेल्या १८६८ च्या तहाप्रमाणे त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी सरकारने स्वतःहून पावलं उचलायला हवीत असं काही बंधन नाही. मला तो निकाल चूक वाटतो. वाळवंटात राहायला जमीन दिली आणि पाण्याची जबाबदारी घेतली नाही, तर ती जमीन कशासाठी दिली?

पुढे मेक्सिकन हॅट गाव ओलांडून गूसनेक्सला जा, सान हुआन नदी तिथे नागमोडी वळणं घेत, सरळ रेषेत अडीच किलोमीटर जायला दहाएक किलोमीटर वाहते, तीनशे मीटर खोल दरीतून. एका फ्रेममध्ये घ्यायचं तर वाइड लेन्स लागेल. मग २६१ नंबरच्या रस्त्यावर मोकी डगवे नावाचा घाट लागतो. पाचेक किलोमीटर कच्चा रस्ता, कातळात कोरलेला, आपल्या घाटांत निदान कठडा तरी असतो इथे तोही नाही. पण कोरड्या दिवशी साधी कार आरामात चढते. पावसात मात्र जाऊ नका.

वर पोचलात की तुम्ही बेअर्स इअर्सच्या मुलखात आलात, आणि मुख्य सांगायचंय ते इथलं. अस्वलाच्या कानांसारखे दोन डोंगर, आजूबाजूला गोव्याच्या साधारण दीडपट पब्लिक लँड, म्हणजे सरकारी मालकीची जमीन. होपी, नवाहो, झुनी आणि यूट लोकांच्या दोन अशा पाच जमातींनी मिळून मागणी केली, म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी ही जमीन नॅशनल मॉन्युमेंट म्हणून राखीव केली. वर्षाच्या आत ट्रम्पनी ती जवळजवळ ८५ टक्के कापली. ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडननी परत पूर्ववत केली. सगळ्यांनी अध्यक्षाला अशी जमीन राखीव करू देणाऱ्या १९०६ च्या एकाच कायद्याचा आधार घेतला, आणि तो कायदा सही करून आणला होता थिओडोर रूझवेल्ट यांनी, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षाने.

तिथल्या म्यूल कॅन्यनमध्ये हाउस ऑन फायर म्हणून जागा आहे, थोडी फी भरून अर्धा तास चालत जायचं. कातळाच्या छताखाली सातआठशे वर्षांपूर्वीची दगडमातीची धान्याची कोठारं आहेत. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला समोरच्या दगडावर पडलेलं ऊन उलटून छतावर जातं आणि छताचे पट्टे जाळासारखे पेटल्यासारखे दिसतात. ऊन थेट छतावर पडत नाही, नुसता परावर्तित उजेड असतो, म्हणून फ्लॅश बिलकुल नको, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका नाहीतर कॅमेरा तो केशरी रंग पुसून टाकतो. फोटो झाले की कॅमेरा खाली ठेवा आणि भिंतीच्या गिलाव्याकडे जवळून बघा. हात लावू नका. मातीत बोटांचे ठसे आहेत, कोणीतरी ओली माती दाबून बसवताना उमटलेले, माझ्या बायकोच्या बोटांएवढी लहान बोटं. घरी लहानपणी आजीने सारवलेल्या भिंतीवर असेच ठसे असायचे. जमाती ही जमीन मागतात तेव्हा त्या या ठशांबद्दल बोलत असतात.

पण दुसरी बाजूही ऐका. जवळच्या ब्लँडिंग गावातल्या एका कॅफेत एक म्हातारे रँचर, म्हणजे गुरं पाळणारे, शेजारच्या टेबलावर होते, आम्ही कुठले, काय करतो विचारत गप्पा सुरू झाल्या. त्यांचे पूर्वज १८८० मध्ये बैलगाड्या घेऊन इथे आलेले. ते म्हणाले वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाने नकाशावर रेघ मारायची आणि आम्ही पेपरात वाचायचं, दर चार वर्षांनी नवी रेघ. मला हे लगेच समजलं, कारण आपल्याकडे गायरानावरून गावोगाव जे चालतं तेच हे, फक्त प्रचंड मोठ्या मापात. नेवाडा राज्याची तर सुमारे ८० टक्के जमीन फेडरल सरकारची आहे. गुरं चारायची फी २०२५ मध्ये गाय-वासरामागे महिन्याला १.३५ डॉलर होती, आणि चराईच्या थकलेल्या फीवरून २०१४ मध्ये नेवाडात लोक सरकारी माणसांसमोर बंदुका घेऊन उभे राहिले होते. त्या रँचरच्या रागात तथ्य आहे असं मला वाटतं, तरी मॉन्युमेंट झाल्यावरही जुनी चराईची परमिटं चालूच राहिली हेही खरं, त्यामुळे माझं मत जमातींच्या बाजूने आहे.

आणि डावे-उजवे हे गणित तिकडे कसं मोडतं बघा. जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी लाखो एकर पब्लिक लँड विकायचा प्रस्ताव कर-खर्चाच्या मोठ्या बिलात घातला होता. तो मागे घ्यावा लागला, विरोधात मोंटाना आणि आयडाहोचे रिपब्लिकन सिनेटरसुद्धा होते. त्यानंतरच्या ऑक्टोबरात आम्ही मोकी डगवेच्या वरच्या कड्यावर, म्यूली पॉइंटला तंबू टाकला तेव्हा शेजारी आयडाहोचा एक शिकारी होता, गाडीवर ट्रम्पचा स्टिकर, आणि त्याने स्वतःहून सांगितलं की त्या जून महिन्यात रोज सिनेटरच्या ऑफिसला फोन करत होतो, ही जमीन विकली तर माझ्या पोराने एल्क (मोठं हरीण) मारायचा कुठे? मग त्याने आम्हाला कॉफी दिली, आम्ही चिवडा दिला, आणि दोघांनी अंधार पडेपर्यंत गप्पा मारल्या. घरच्यांना भीती वाटतेय ना, त्यांना हे सांगा. इतक्या वर्षांत त्या भागात आमच्याशी कोणी वाईट वागलेलं नाही, पासपोर्ट-व्हिसाच्या कॉपी मात्र जवळ असू द्या.

राजकारणाचा तुमच्या खिशाशी संबंध एवढाच की २०२६ पासून परदेशी पर्यटकांना ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइससारख्या ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जास्त पडतात, किंवा २५० डॉलरचा वार्षिक पास घ्यावा लागतो. म्हणूनही मी तुम्हाला या रस्त्याने पाठवतोय. मोकी डगवेच्या पायथ्याची व्हॅली ऑफ द गॉड्स आणि वरचा म्यूली पॉइंट या दोन्ही ठिकाणी फी नाही, गेट नाही, रात्री आधीपासून वापरात असलेल्या जागी तंबू टाका.

म्यूली पॉइंटला दोन रात्री ठेवा. पाऊस होऊन गेला असेल तर कातळावरच्या खळग्यांत पाणी साठतं, पोटावर झोपून कॅमेरा पाण्याच्या दोन बोटं वर धरला की खालची दरी आणि तांबूस आकाश दोन्ही त्यात येतं. मार्चअखेर रात्री शून्याच्या खाली जातं, खळग्यात पहाटे बर्फाची पापडी असते, ती सूर्य आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत विरघळते, तेवढ्यात फोटो घ्या. स्लीपिंग बॅग जाडच आणा, आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री अंगाजवळ घेऊन झोपा.