‘सिद्धान्त फूट पाडतो, प्रेम जोडतं’ असं असेल तर मंडळीत शुद्ध शिकवणीचा एवढा आग्रह कशाला?

तुम्ही लिहिलंय की शिकवणीबद्दल काही विचारलं की मंडळीत (चर्चमध्ये) ‘वाद नको, प्रेमाने राहू या’ असं उत्तर मिळतं, आणि आता आपणच किरकिरे आहोत की काय असं तुम्हाला वाटू लागलंय. मी मंडळीत शास्त्राभ्यासाचा गट चालवतो, त्यामुळे हे उत्तर माझ्या चांगलं ओळखीचं आहे. माझ्या मते चुकीच्या शिकवणीची किंमत उपदेश करणारा सहसा मोजत नाही. ती मोजतो समोर बसलेला आजारी, शोकात असलेला किंवा कर्जात बुडालेला माणूस. त्यामुळे शिकवण एका बाजूला आणि प्रेम दुसऱ्या बाजूला ही वाटणीच मला पटत नाही.

आजारपणाचंच घ्या. ‘विश्वास पुरता असेल तर प्रत्येक रोग बरा होतोच’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. धडधाकट माणूस त्यावर आमेन म्हणतो आणि घरी जातो. पण जिचा कर्करोग सगळ्यांनी प्रार्थना करूनही हटला नाही, तिला त्यातून एवढंच ऐकू येतं की खोट तुझ्यातच आहे. दुखणं होतंच, वर हा दोष. पुढे बरं झाल्याच्या साक्षी ऐकणंही तिला जड जातं आणि ती भक्तीला यायची थांबते. कोणी तर विश्वास सिद्ध करण्यासाठी औषधंच सोडून देतं.

आता बायबलचा नवा करार उघडा. येशूचा प्रेषित पौल याच्या हातून रोगी बरे झाल्याचं ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. तोच पौल आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून आलो, असं तो सरळ लिहितो (२ तीमथ्य ४:२०); त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं त्यात कुठेही नाही. स्वतःच्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे सततचा एक त्रास, दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, तेव्हा काटा गेला नाही, पण कृपा पुरेल असं आश्वासन मिळालं. जुन्या करारात दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी तर दुःखाचा सगळा हिशोब पापाशी जुळवून दाखवला होता, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, कारण ते त्याच्याविषयी यथार्थ बोलले नव्हते. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे आणि मी त्यासाठी प्रार्थनाही करतो. पण त्याने बरं केलंच पाहिजे असा करार शास्त्रात मला सापडत नाही. ‘दान पेरा, शंभरपट पीक घ्या’ या शिकवणीचंही असंच आहे. तिथे शेवटचे पैसे देणारा बहुधा सर्वांत गरीब असतो.

उलट, बरोबर शिकवण माणसाला सावरते. थेस्सलनीका शहरातले विश्वासणारे आपल्या मेलेल्या माणसांचं काय होणार या काळजीत होते. पौलाने त्यांना पुनरुत्थान आणि प्रभूचं येणं समजावून सांगितलं आणि या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा म्हणून लिहिलं. म्हणजे सिद्धान्त हेच तिथे सांत्वन होतं.

राहिला फूट पडण्याचा मुद्दा. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. सुंतेचा आग्रह धरणारे लोक आल्यावर तो मागे सरला आणि इतर यहूदीही त्याच्यामागे गेले. मंडळी जेवणाच्या पंगतीवरच दुभंगली. पौलाने सर्वांदेखत त्याला अडवलं ते याच मुद्द्यावर: माणूस ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो, तर मग पंगत वेगळी कशी? इथे फूट पडली ती सिद्धान्त सोडल्यामुळे.

अर्थात प्रत्येक मतभेद या वजनाचा नसतो. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात खाण्यावरून आणि विशेष दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोषी ठरवू नका असं पौलच सांगतो. लहान मुलांचा बाप्तिस्मा, शेवटच्या काळातल्या घटनांचा क्रम यांवर माझी ठाम मतं आहेत, पण त्यांवरून मी कोणाला खोटा शिक्षक म्हणणार नाही. ख्रिस्त कोण आहे, तो खरोखर उठला का, तारण कृपेने आहे की कमाईने, हे प्रश्न मात्र वेगळे. इ.स. ३२५मध्ये निकिया इथे बिशप जमले ते याच जातीच्या प्रश्नावर. आरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे. तसं असेल तर मंडळी एका निर्मितीची उपासना करत होती, आणि बिशप अथनेशियसने पुढे मांडलं तसं, जो स्वतः निर्मिती आहे तो इतरांना देवाशी जोडणार कसा? या भूमिकेपायी अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली.

जाता जाता: आरियसने आपली मतं गीतांतूनही पसरवली होती. म्हणून मी उपदेशाइतकंच गाण्यांकडे लक्ष देतो. उपदेश सोमवारी विसरतो, गाणं डोक्यात राहतं.

शुद्ध शिकवणीच्या नावाने माणसं झोडपणारेही असतात आणि त्यांची मला चीड आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, इफिसच्या मंडळीने खोट्या प्रेषितांना पारखल्याची वाखाणणी आहे, आणि लगेच पुढे पहिली प्रीती सोडल्याचा ठपकाही आहे.

तुम्ही काय करावं? बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचंही म्हणणं रोज शास्त्राशी ताडून पाहिलं आणि त्यांचं त्यासाठी कौतुकच झालं, तेव्हा प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. पण भर मंडळीत उठून विचारू नका. सुरुवातीच्या मंडळीतला अपुल्लो उत्तम वक्ता होता, पण त्याला फक्त येशूआधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. तसंच पाळकांना वेळ मागा, नेमका उपदेश आणि नेमकं वचन समोर ठेवा, आणि या शिकवणीचं मंडळीतल्या आजारी माणसावर काय होतंय ते विचारा. त्यांनी बायबल उघडून चर्चा केली, मग उत्तर तुमच्या मनासारखं नसलं तरी, तिथेच राहा. ‘अभिषिक्ताला (म्हणजे देवाने नेमलेल्या पाळकाला) प्रश्न विचारू नका’ असं म्हणाले, तर वडीलजनांकडे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे, जा. तेही ऐकत नसतील आणि मुद्दा सुवार्तेच्या गाभ्याचा असेल, तर दुसरी मंडळी शोधायला हरकत नाही. जाताना मात्र गट बनवून माणसं सोबत ओढू नका.