डिस्नेच्या आत राहायचं की बाहेरच्या बंगल्यात?

घोडबंदर रोडवरून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मे महिन्याच्या सुट्टीत हे कुटुंब अमेरिकेला चाललंय. ताई, त्यांचे मिस्टर, बारा आणि सात वर्षांची दोन मुलं, शिवाय ६८ आणि ७२ वर्षांचे सासूबाई-सासरे. नणंद न्यू जर्सीत, एडिसनला राहते. तिच्याकडे आठवडाभर राहून सहा रात्री ऑरलँडोला, डिस्ने वर्ल्ड बघायला जायचा बेत आहे. मुलांना डिस्नेच्याच हॉटेलात राहायचंय. नणंदेचे यजमान म्हणतात, ऑरलँडोजवळ किसिमीला स्विमिंग पूलवाला पाच बेडरूमचा बंगला घेऊ, आम्ही चौघं येतो, निम्मं भाडं आमचं. डिस्नेच्या पॉप सेंच्युरी हॉटेलात दोन खोल्या सहा रात्रींना करासकट २,९०० डॉलर. बंगला १९० डॉलर रोज, म्हणजे ताईंच्या वाट्याला रोजचे ९५. पार्कची चार दिवसांची सहा तिकिटं ३,३०० डॉलर आणि नेवार्क ते ऑरलँडो विमानभाडं सहा जणांचं १,३०० डॉलर. ऑरलँडोसाठी हातात सहा लाख रुपये आहेत. कमी पडले तर मिस्टर दोन लाखांचं पर्सनल लोन काढायला किंवा चार महिने एसआयपी थांबवायला तयार आहेत. मुंबईहून चौघांची विमानतिकिटं काढून झालीत. सासू-सासऱ्यांचं विमानभाडं सासरे स्वतः भरणार आहेत, पण दोघांच्या व्हिसाची बीकेसीतली मुलाखत अजून व्हायची आहे.

ताई, आधी एक सांगतो. ९५ डॉलर हा आकडा डोक्यातून काढून टाका. त्या भावात तुम्हाला तो बंगला मिळणार नाहीये.

हिशेबाला सोपं पडावं म्हणून डॉलर ९० रुपये धरतो. १९० प्रमाणे सहा रात्रींचे ११४० होतात. त्यावर साफसफाईचे पैसे येतात. एवढ्या मोठ्या घराला २२० तरी धरा, आणि ते रात्रींवर अवलंबून नसतात, एक रात्र राहा नाहीतर दहा. मग बुकिंग साइटची फी, समजा १८०. वर किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत येतं, तिथला साडेतेरा टक्के कर. सगळं मिळून १,७२५ च्या आसपास. जाहिरातीतल्या रकमेच्या दीडपट झालेच की! बुकिंग करताना शेवटच्या स्क्रीनवर दिसतो तोच आकडा खरा.

आता ‘निम्मं आमचं’ याचं बघू. न्यू जर्सीच्या शाळा जून निम्मा उलटल्यावर सुटतात. तुमच्याकडे मेमध्ये सुट्टी असली तरी नणंदेच्या मुलांची शाळा चालू असणार. ती मंडळी येऊन येऊन येणार कधी, तर मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, त्या जोडसुट्टीत. शुक्रवार रात्र ते सोमवार. म्हणजे सहापैकी तीन रात्री. उरलेल्या तीन रात्री त्या पाच बेडरूमच्या घरात तुम्ही सहाच जण. नात्यात असं कुणी बोलून दाखवत नाही, पण हिशेब चोख धरला तर त्यांचा वाटा पाव, तुमचा पाऊण. म्हणजे १,२९० डॉलर.

पुढचा खर्च गाडीचा. किसिमीत गाडीशिवाय पान हलत नाही. सहा माणसं आणि बॅगा मावतील अशी मिनीव्हॅन विम्यासकट सहा दिवसांना सहाशेच्या घरात जाते. पेट्रोल आणि टोल ८०, पार्कच्या दारात पार्किंग रोजचं ३० च्या आसपास, चार दिवसांचे १२०. झाले आठशे. आणि चालवणार कोण? पहिले तीन दिवस नणंदेचे यजमान. नंतर तुमचे मिस्टर, रस्त्याच्या उजव्या बाजूने, आय-४ सारख्या हायवेवर. ठाणे आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढता येतं, तो भाग सोपा आहे. पण मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेले वडील बसलेले असताना पहिल्यांदाच उजवीकडून गाडी हाकायची हौस त्यांना आहे का, ते त्यांनाच विचारा.

आतल्या हॉटेलात गाडी लागत नाही. विमानतळावरून येण्या-जाण्याची मोठी टॅक्सी १४० डॉलर, की झालं. डिस्नेच्या बस फुकट आहेत आणि पॉप सेंच्युरीहून एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज या दोन पार्कांना रोपवेने जाता येतं, वाटेत एकदा बदलावा लागतो. जेवणात मात्र हॉटेल महाग पडतं. खोलीत छोटा फ्रिज असतो, शेगडी नसते. सहा जण, दोन वेळा, काउंटरवरचं साधं जेवण माणशी १६ डॉलर धरलं तरी सहा दिवसांचे साडेअकराशे होतात. बंगल्यात किराणा आणि पार्कातलं दुपारचं खाणं मिळून साडेसहाशेत भागेल.

एकूण गोळाबेरीज अशी: आतल्या हॉटेलात राहणं, टॅक्सी आणि जेवण मिळून ४,१९० डॉलर. बंगल्यात तेच २,७४० च्या आसपास. फरक साधारण १,४५० डॉलर, म्हणजे एक लाख तीस हजार. पार्कची तिकिटं आणि विमान दोन्हीकडे सारखंच, ४,६०० डॉलर. हॉटेलचा पर्याय एकूण सात लाख नव्वद हजारांवर जातो. मिस्टरांच्या डोक्यात दोन लाखांचं लोन का आलं, ते इथे कळतं. १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी काढलं तर हप्ता ९,६०० च्या आसपास आणि वरचं व्याज तीस हजार. सुट्टी संपल्यावर दोन वर्षं तिचे हप्ते फेडत बसायचे, याला माझा साफ विरोध आहे. एसआयपी थांबवण्यालाही. ‘चार महिने’ म्हणून थांबवलेली एसआयपी पाचव्या महिन्यात आपोआप सुरू झालेली मी तरी पाहिलेली नाही.

मग बंगलाच घ्या म्हणून सांगायला हवं. पण थांबा. त्या एक लाख तीस हजारांत मिळतं काय, हे बघितल्याशिवाय महाग-स्वस्त ठरत नाही.

डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज कुठल्याही पार्कात इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण लोकप्रिय राइडची रांग त्या अर्ध्या तासात नसते आणि साडेदहानंतर तासाच्या वर जाते. दुसरं म्हणजे बस. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी दूरच्या पार्किंगमध्ये लावायची, तिथून ट्रॅम किंवा पायपीट करून एका मोठ्या स्थानकावर जायचं, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट, मग कुठे पार्कचं दार. आपलं ठाणे स्टेशनबाहेरचं सॅटिस, म्हणजे बसचा तो उन्नत पूल आठवा, फक्त पोरं आणि बॅगा घेऊन, आणि रात्री आतषबाजी संपल्यावर हजारो माणसं एकदम परत निघालेली. हॉटेलची बस सरळ दारात सोडते. शिवाय रांग टाळायचा पैसे देऊन घ्यायचा लायटनिंग लेन पास हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी बुक करता येतो, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. तोवर चांगल्या वेळा गेलेल्या असतात.

पण या सगळ्याचा फायदा फक्त पार्कच्या दिवशी, आणि पार्कात जाणाऱ्या माणसालाच. ज्या रात्रीनंतर पार्क नाही, त्या रात्रीसाठी हे पैसे वाया. ७२ वर्षांचे सासरे चारही दिवस उन्हात उभे राहणार आहेत का? मेअखेरीस फ्लोरिडात आपल्यासारखाच उकाडा असतो आणि दुपारी धो-धो सर. तुमच्या पत्रात सासूबाईंचं एक वाक्य आहे, ‘आम्हाला काय, नातवंडं बघायची.’ त्यावरूनच मी पुढचं म्हणतोय. ज्येष्ठांना डिस्नेच्या तिकिटात सवलत नाही. चार दिवसांऐवजी एकाच दिवसाचं तिकीट काढलंत तर दोघांचे मिळून साडेसातशे डॉलर वाचतात. राहण्याच्या भांडणात तुम्ही जेवढी रक्कम वाचवू पाहताय, त्याच्या निम्मे पैसे इथेच सुटतात, आणि कुणाच्या मनाला लागतही नाही.

‘बंगल्यात आई-बाबांना आराम’ हे मात्र मला पटत नाही. त्या वसाहतींमध्ये गेटबाहेर चालत जाण्यासारखं काही नसतं. तुम्ही सकाळी गाडी घेऊन गेलात की दोघं रात्रीपर्यंत चार भिंतींत. आणि तिथे स्वयंपाकघर आहे म्हणून कौतुक चाललंय, पण दिवसभर पार्कात पायांचे तुकडे पाडून आल्यावर वरणभाताचा कुकर कोण लावणार, हे पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं, उत्तर आपल्या दोघांनाही माहीत आहे.

म्हणून मी दोन्ही करायला सांगतो, पण सहा रात्री कापून.

शुक्रवार ते सोमवार सगळे दहा जण बंगल्यात. गर्दीची जोडसुट्टी पार्कच्या रांगेत न घालवता पूलमध्ये घालवा. फक्त रविवारी सगळ्यांनी मिळून एक पार्क करा. माझ्या मते अ‍ॅनिमल किंगडम, कारण तिथल्या सफारीत गाडीत बसून जनावरं बघायची असतात, आजी-आजोबांना झेपेल. सोमवारी नणंद परत जाईल तेव्हा सासू-सासऱ्यांना तिच्याबरोबर एडिसनला जाऊ द्या. लेकीच्या घरी चार दिवस निवांत मिळतील. तुम्ही चौघं सोमवारी हॉटेलात या. पॉप सेंच्युरीच्या खोलीत चार जण राहू शकतात, म्हणजे एकच खोली पुरते. मंगळ, बुध, गुरू तीन पार्क, तिन्ही दिवस अर्धा तास आधी आत. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत वापरायचं असतं, त्यात रविवार ते गुरुवार आरामात बसतं. गुरुवारी खोली सोडून बॅगा हॉटेलातच ठेवता येतात, विमान रात्रीचं घ्या.

याचा खर्च असा. बंगला तीन रात्री, साफसफाई, फी आणि करासकट हजार डॉलर, तुमचे निम्मे ५००. इथे ‘निम्मं’ खरंच निम्मं आहे, कारण सगळे तिन्ही रात्री आहेत. गाडीचा अर्धा वाटा पार्किंगसकट २१५. हॉटेलची एक खोली तीन रात्री ७२५. बंगल्यातलं खाणं आणि रविवारचं पार्कातलं मिळून ३००, हॉटेलातल्या तीन दिवसांचं ३८५. विमानतळाची टॅक्सी ५०. एकूण २,१७५ डॉलर. आजी-आजोबांची कमी केलेली तिकिटं आणि विमान धरून सगळं ६,०२५ डॉलर, म्हणजे पाच लाख बेचाळीस हजार. सहा लाखांत बसलं, वर अठ्ठावन्न हजार उरले. त्यातून सासू-सासऱ्यांचा प्रवास विमा आधी काढा, तोही अमेरिकेसाठीचा भरपूर कव्हर असलेला आणि जुनी दुखणी फॉर्मवर खरी लिहून. उरलेल्यातून मॅजिक किंगडमच्या दिवशी चौघांचे लायटनिंग लेन पास घ्या.

व्हिसाचा मुद्दा तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलात, पण बुकिंगच्या दृष्टीने तो पहिला आहे. डिस्नेची नुसती खोली, पॅकेज न घेता, बुक केली तर एका रात्रीची अनामत भरावी लागते आणि मुदतीत, म्हणजे आठवडाभर आधी रद्द केली तर ती परत मिळते. बंगल्याचे नियम मालकागणिक वेगळे, काही जण महिनाभर आधीच सगळे पैसे अडकवतात. मुलाखत होईपर्यंत फक्त खोली बुक करा. बंगला नणंदेने तिच्या नावावर, रद्द करता येईल असा बघून घ्यावा. तिच्या अमेरिकी कार्डावर केला तर आपल्या कार्डांवर परकीय चलनासाठी लागणारा साडेतीन टक्क्यांपर्यंतचा मार्कअप आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटीही वाचतो. जोडसुट्टीत बरेच मालक चार रात्रींच्या खाली देत नाहीत, तेही तिने आधी विचारावं. चौथी रात्र घ्यावीच लागली तरी तुमच्या वाट्याला सव्वाशेच्या वर डॉलर जाणार नाहीत. गुरुवारी रात्रीच पोहोचा, म्हणजे ती रात्र फुकट जाणार नाही.

आणि यदाकदाचित व्हिसा झालाच नाही, तरी खोलीचं गणित बदलत नाही. ती चौघांचीच आहे. फक्त आजी-आजोबांची पार्कची तिकिटं मात्र मुलाखतीच्या आधी काढू नका, वापरली नाहीत म्हणून डिस्ने पैसे परत देत नाही.