ब्रेक सोडला आणि गाडी उडाली

प्रश्न : बारा वर्षं पेट्रोलची स्कूटर चालवली, गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक घेतली. सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना वॉचमन गेट उघडेपर्यंत रॅम्पवर ब्रेक धरून थांबले, नेहमीसारखी रेस दिली आणि ब्रेक सोडला. गाडीने अशी उडी घेतली की पुढचं पॅनल खांबाला घासलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गाडीत काही दोष नाही. मग चुकलं कुठे?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : ताई, गाडी ठणठणीतच असणार. तुमचा उजवा हात बारा वर्षं पेट्रोलवर पोसलाय.

पेट्रोल स्कूटरची मूठ पिळली की आधी इंजिन गुरगुरतं, चाक लगेच हलत नाही. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला अडीच-तीन हजारांच्या आसपास गेल्या की क्लचचे शू (आतल्या घर्षणपट्ट्या) फाकतात, चाकाकडे जोर नेणाऱ्या ड्रमला धरतात, तेव्हा कुठे गाडी सरकते. ११० सीसीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जेमतेम ९ न्यूटन-मीटर, तोही पुरता मिळतो ५,००० फेऱ्यांच्या पुढे. तोवर कान ऐकतो, हात सावरतो. इलेक्ट्रिक मोटरचे असले सोपस्कार नाहीत. मुठीतला सेन्सर कंट्रोलरला, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या डब्याला, सांगतो, तो करंट सोडतो आणि मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते. (वेग वाढला की हाच जोर ओसरतो. नवले पुलावर कुणी मागून पुढे काढली तर मनाला लावून घेऊ नका.)

पण तुमचा घात केला तो ब्रेकने. बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरना ब्रेकचा लिव्हर दाबलेला असला की मोटर बंद राहते. तुम्ही रेस दिली, गाडी गप्प, आवाजही नाही. म्हणून हाताने आणखी पिळलं असणार. ब्रेक सुटला तेव्हा मूठ अर्धी पिळलेली होती, मोटरने तेवढं सगळं एकदम दिलं. वर झटक्याने अंग मागे जातं आणि मुठीला लोंबकळलेलं मनगट ती अजूनच पिळतं. माझ्या नाना पेठेतल्या गॅरेजात अशी खरचटलेली पॅनलं घेऊन येणारे सगळे जुने, सराईत चालक असतात. नवशिके क्वचितच.

रॅम्पवर थांबलेलं असताना मूठ अजिबात पिळू नका. गाडी इको (कमी जोराच्या) मोडवर टाका, थोडं पुढे झुकून बसा, ब्रेक हळू सोडता सोडता मूठ केसभर पिळा. गाडी इंचभर मागे सरकेल, घाबरू नका. मागे कुणी उभं नसताना आठ-दहा वेळा करून बघा.

पॅनल मात्र इतक्यात रंगवू नका.