एमडी कम्युनिटी मेडिसिनमध्ये खरंच रिसर्च होतो का, की तीन वर्षं नुसते फॉर्म भरायचे?

तुम्ही लिहिलंय की क्लिनिकल ब्रांच लागत नाहीये, पीएसएमची (कम्युनिटी मेडिसिनचंच दुसरं नाव, लोकांच्या आरोग्याचा अभ्यास) सीट मिळतेय, आणि सीनियर सांगतायत की गावात जाऊन फॉर्म भरून आणायचे, थिसिस बाइंड करायचा आणि सुटायचं. एरवी मी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही, पण हेच वाक्य मी रेसिडेंट असताना ऐकलंय, तेही सीनियरकडून नाही, माझ्या स्वतःच्या थिसिस गाइडकडून.

रिसर्च होतो. वाईट रिसर्चही भरपूर होतो, आणि त्याचं कारण ब्रांच नाही, तो करून घेणारी माणसं आहेत.

माझा विषय होता गरोदर बायकांमधला अॅनिमिया आणि लोहाच्या गोळ्या. घासून गुळगुळीत झालेला विषय आहे हे मान्य, पण प्रश्न संपलेला नाही. एनएफएचएस-४ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशातल्या गरोदर बायकांपैकी ५०.४ टक्के अॅनिमिक होत्या, एनएफएचएस-५ मध्ये (२०१९-२१) ५२.२ टक्के, म्हणजे इतकी वर्षं गोळ्या वाटून आकडा तसूभर खाली आला नाही. तर आमच्या आरएचटीसीच्या, म्हणजे कॉलेजच्या ग्रामीण आरोग्य केंद्राच्या, आसपासच्या गावांत मी फिरत होते, आणि एका घरी हिमोग्लोबिनसाठी सुनेचं बोट टोचलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मागल्या वर्षी बी पोरी आल्या होत्या, असंच टोचून गेल्या. पुढं काय झालं त्याचं?"

मी परत येऊन डिपार्टमेंटचं कपाट उघडलं. त्याच गावाचे जुने थिसिस तिथे होते, सोनेरी अक्षरांचे, शेवटच्या पानावर 'आरोग्य शिक्षणावर भर द्यावा' अशी शिफारस. त्या गावच्या सिस्टरला यातलं एक अक्षर कोणी सांगितलेलं नव्हतं. तीच तीच गावं का निवडतात माहितीये? कॉलेजची गाडी जेवायच्या वेळेपर्यंत परत येते म्हणून. दर बॅच त्याच बायकांना टोचते.

मी माझ्या गाइड सरांना म्हटलं, थिसिस सबमिशनच्या आधी मी निकाल गावात जाऊन सांगणार. सर म्हणाले, "गावाला पी व्हॅल्यू समजावणार आहेस का? परीक्षक जे विचारणार नाहीत त्यात वेळ घालवू नको." यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी डिपार्टमेंटचे सोशल वर्कर आणि मी, दोघं आपापलं, आरोग्य पोषण दिवसाला अंगणवाडीत गेलो. पी व्हॅल्यू, म्हणजे तो संख्याशास्त्रातला आकडा, नाही सांगितली. सांगितलं की तुम्ही बहुतेक सगळ्या जणींनी गोळ्या रोज घेतो असं लिहून दिलंत, पण रक्त तसं दिसत नाही, मग गडबड कुठे आहे ते तुम्हीच सांगा. थोडा वेळ सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या, मग एक जण हसली आणि त्यानंतर कोणी थांबेचना. गोळी घेतली की मळमळतं, शी काळी होते म्हणून घाबरून बंद केली, सकाळी चहाबरोबर घेते, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल म्हणून घरचे नको म्हणतात. माझ्या प्रश्नावलीत 'कारण' या रकान्यात विसरणे, त्रास होणे, उपलब्ध नसणे, इतर एवढे चार पर्याय होते आणि इतक्या फॉर्ममध्ये बाळ मोठं होण्याचं कोणी लिहिलं नव्हतं! सिस्टरनी त्याच दिवशी सांगायला सुरुवात केली की गोळी रात्री जेवणानंतर घ्या, चहा लांब ठेवा, शी काळी होणारच आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे हिमोग्लोबिन वाढलं का ते मला मोजता आलं नाही, सबमिशन आलं होतं.

सरांनी तो सगळा भाग काढायला लावला. हे शास्त्र नाही म्हणाले. मला आजही ते पटत नाही. निकाल गावात परत नेणं हे काही उपकार नाहीत, डेटा खरा की खोटा हे तिथेच कळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं नवजात बाळांचं काम बघा, गावातल्याच बायकांना शिकवून घरी बाळाची काळजी घेतली, १९९९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये पेपर आला, नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, आणि २०११ पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन बाळ तपासतात ते त्याच कामातून आलं. ते शास्त्र नाही का? आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या एथिक्स गाइडलाइन्समध्येही लिहिलंय की अभ्यासाचा फायदा त्या लोकांपर्यंत पोचला पाहिजे. आता मी स्वतः गाइड आहे. माझा विद्यार्थी गावात निकाल सांगून आल्याशिवाय मी थिसिसवर सही करत नाही, त्यावरून डिपार्टमेंटमध्ये कुरकुर होते, होऊ दे.

तुमचा मूळ प्रश्न सीट घ्यावी का हा होता. प्रॅक्टिसचा पैसा हवा असेल तर घेऊ नका, नंतर कुढत बसाल. पुढे कॉलेजात टीचिंग, सरकारी कार्यक्रम, टीबीसारख्या प्रोग्रामचे कन्सल्टंट, संस्था असे रस्ते आहेत. रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स आणि तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी (जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत काम) आता सगळ्याच पीजी विद्यार्थ्यांना आहे, त्यामुळे फील्ड टाळण्यासाठी दुसरी ब्रांच घेताय असं असेल तर ते पूर्ण टळणार नाहीच.

हो, एक राहिलं. निकाल सांगायचा म्हणजे गावाचा, कुणा एकीचा नाही, नावं तर अजिबात नाहीत, आणि टीबी किंवा एचआयव्हीसारखा विषय असेल तर आधी एथिक्स कमिटीशी बोलून घ्या. पण हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं तर मीटिंगची वाट बघायची नाही, तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. आणि माझा अनुभव सरकारी कॉलेजचा आहे, खासगीत आरएचटीसी कधी कधी इन्स्पेक्शनपुरतं उघडतं असं ऐकते.

अॅडमिशनची पुढची राउंड व्हायच्या आत त्या कॉलेजच्या आरएचटीसीत जाऊन या. एचओडींना भेटू नका, तिथल्या सिस्टरना विचारा की मागच्या बॅचच्या थिसिसमधून काय निघालं. त्यांना सांगता आलं तर सीट घ्या.